पहिला ड्रम कोणाचा

माझं अक्षर किरटं आहे, ओळी खाली घसरतात, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ मला अजून सुटलेला नाही. शाळा चौथीतच सुटली. हे कुणाच्या हाती पडलंच तर चुका पोटात घालाव्यात. दाखवायला म्हणून मी लिहीत नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा बंद होतो. कागदावर तेवढा होत नाही.

भादव्याचा दुसरा पंधरवडा लागला की आमच्या सरावलीची हवा जड होते. पाऊस गेला असं म्हणता येत नाही आणि आहे असंही नाही. दुपारचं ऊन असं चरचरतं की अंगणातलं शेवाळ सुकून त्याचे पापुद्रे निघतात. साचलेल्या पाण्यावर चतुर एकाच जागी टांगल्यासारखे राहतात. घराघरांतून अळूचा नि तांदळाच्या खिरीचा वास येतो, आणि त्यात कारखान्यांकडचा आंबूस वास मिसळतो. पत्र्यांवर कावळे येऊन बसतात. काल आमच्या चाळीत कुणीतरी पान ठेवून हाक मारली, "काव, काव." मी भांडी घासता घासता थांबले. नळ चालूच राहिला. मला वजनाच्या शेडमधला आवाज आठवला. टुक. मग प्रिंटर करवतीसारखा चालायचा, आणि मग काही नाही.

तो आवाज ऐकला ते वर्ष माझे हे गेले त्याचं. यांचं नाव हरेश्वर. लिहिते, तोंडाने अजून घेत नाही. तारापूरच्या वसाहतीत कपड्यांच्या रंगाची पावडर करणारा एक लहान कारखाना होता, तिथे हे वजनकाट्यावर होते. घरी येत तेव्हा यांच्या कानांच्या पाळ्या कधी निळ्या, कधी पिवळ्या असत. साबणाने जात नसे. जेठात कावीळ झाली आणि आखाडात गेले. डोळेसुद्धा हळदीसारखे झाले होते, तरी प्राची म्हणत होती, बाबांना कामाचा रंग लागलाय.

भादव्याचा हा पंधरवडा लागताना मालकांनी यांच्या जागेवर मला घेतलं, पण कच्चं. जमलं तर कायम करू, म्हणाले. आमची खोली कारखान्याची. घरातलं कुणी कामावर असेल तोवरच ती आमची. काम गेलं तर चिंचणीला दिरांच्या पडवीत जाऊन राहायचं, आणि प्राचीची शाळा सुटायची. ती नुकतीच पाचवीत गेली होती. पाचवीचा वर्ग आतून कसा असतो ते मला माहीत नाही. ती संध्याकाळी एबीसीडी मोठ्याने म्हणायची तेव्हा मी चूल सारवल्यासारखं करत जवळ बसायचे. चूल तर नव्हतीच, गॅस होता.

शेड पत्र्याची. मधोमध काटा, जमिनीच्या बरोबरीने बसवलेला, त्यावर निळा ड्रम लोटत आणायचा. कोपऱ्यात टेबलावर तो जुना कॉम्प्युटर, प्लॅस्टिकच्या टोपीखाली. ऑफिसातले कॉम्प्युटर रंगीत होते, त्यांत चित्रं हलायची. याचा पडदा मात्र काळा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि एक रेघ जी सारखी उघडझाप करायची. त्या काट्याशी बोलायला दुसरं कुठलं मशीन जमत नव्हतं म्हणून तो ठेवला होता. यांनी वर्षानुवर्षं त्याच्यासमोर उभं राहून काढली. कळांवरची अक्षरं यांच्या बोटांनी पुसट झाली होती.

सुपरवायझर राऊतसाहेब माणूस वाईट नाही. त्यांनी मला दाखवलं.

"वनिताबाई, सकाळी हे चालू केलं की ही ओळ येते. यात लिहिलंय, कोणतीही एक कळ दाबा. कोणतीही. मग ड्रम चढवायचा. आकडा थांबला की मशीन विचारतं, वजन कोणी केलं. तेव्हा आपल्या अक्षराची कळ दाबायची. एकदाच. टुक वाजतं आणि लेबल आपोआप येतं. जेवणाच्या सुट्टीनंतर परत हीच ओळ, परत कोणतीही कळ. कळलं?"

मी मान हलवली.

"तुमचं अक्षर व्ही. ओळखता येतं ना?"

मी मान हलवली नाही. तेव्हा लेबलं चिकटवणारी सुगंधा पुढे आली. ती डोंगराकडच्या पाड्यावरची, कुणाला भीत नाही. "साहेब, तिला कशाला छळता? कुठली ती सांगा, मी खूण करते." साहेबांनी बोट ठेवलं, आणि सुगंधाने स्वतःच्या कपाळावरची लाल टिकली काढून त्या कळीवर चिकटवली. मग तिच्या लक्षात आलं. माझ्या कपाळाकडे बघून ती ओशाळली. "राहू दे गो," ती म्हणाली, "कपाळावर नाय तर नाय. कळीवर कोण काय बोलणार हाय?"

एक गोष्ट मला त्या मशीनची पहिल्यापासून आवडली. कळ दाबली की पडद्यावर काही उमटत नसे. एक बोट टेकायचं, तोंडाने बोलायचं नाही, अक्षर नाही, खात्री करायला दुसरी कळ दाबायची नाही, आणि तरी आत पोचलेलं असायचं. शाळेत मी पाढे ओठांतच म्हणायची. गुरुजी म्हणत, ऐकू येत नाही. हे मशीन तसं म्हणालं नाही.

पण ती सकाळची कोणतीही कळ मला अवघड गेली. कोणतीही म्हणजे कुठली? टिकलीची माझी होती, ती अशी वाया घालवावी असं वाटेना. बाकीची अक्षरं पुसट, ओळखू येत नाहीत. अनोळखी दारावर टकटक केल्यासारखं होईल. उजवीकडे खाली चार बाण होते. बाण मला वाचता येतो. वरचा बाण वर दाखवत होता, आणि वर भिंतीला देवाची तसबीर होती. कामाला हात लावायच्या आधी अवजाराला नमस्कार करायची आमच्याकडे रीत आहे. वडील नांगराला करायचे, हे काट्याला करायचे. मी त्या बाणाला बोट लावलं आणि बोट कपाळाला लावलं. ओळ निघून गेली. माझं काम झालं.

पहिला ड्रम रामकिशनने लोटत आणला. रामकिशन तिकडचा, उत्तरेचा, केस पिकलेला माणूस, यांच्याबरोबर त्याने बरीच वर्षं काढलेली. आकडा हलला, हलला, थांबला. मी बोट टिकलीकडे नेलं. ते तिथवर पोचलंच नव्हतं.

टुक.

प्रिंटर चालला. लेबल बाहेर आलं. वजनाखाली जिथे अक्षर असतं तिथे एक शिडी होती, एकाच पायरीची. एवढं एक इंग्रजी अक्षर मला येत होतं. लग्नानंतर यांनी मला एका फाटक्या लेबलावर दाखवलं होतं, हे मी.

रामकिशनने लेबल हातात घेतलं नाही. "भाभी," तो म्हणाला, "ये आपने दबाया?"

"नाय."

"तो किसने दबाया?"

दुसऱ्या ड्रमला मशीन थांबलं. मी टिकली दाबली, तेव्हाच लेबल आलं. तिसऱ्याला तसंच. जेवणानंतरच्या पहिल्या ड्रमला पुन्हा शिडी. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा.

दोन-चार दिवसांत ते सगळ्या कारखान्यात पसरलं. हमाल शेडच्या दारात चपला काढून आत यायला लागले. बायका डबा खाताना मला हसायच्या, पण हसून झाल्यावर जागा बदलायच्या. "वनिते, तुझा नवरा मेला तरी रजा नाय घेत." "पगार कोणाचा काढतात गो, तुझा का त्याचा?" सुगंधा त्यांना गप्प करायची आणि मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणायची, "तो हाय. पितर हाय. त्याच्या नावाचा भात ठेव, जाईल."

मी चिंचणीला सासूबाईंना निरोप केला. त्यांचं उत्तर आलं की पहिल्या वर्षी पान ठेवत नाहीत. वर्ष व्हायच्या आत माणूस पितरांत मिसळत नाही. मग तो कुठे असतो, ते निरोपात नव्हतं. मला ते फार लागलं. सगळ्या वस्तीत ज्याच्या-त्याच्या मेलेल्या माणसाला जेवायला बोलावत होते, आणि माझ्याच माणसाला कुठे जागा नव्हती. घरातही नाही, पितरांतही नाही. मग तो रोजच्या सवयीने कामावर येणार नाही तर काय करील?

मला भीती वाटत होती का? खोटं कशाला लिहू. नव्हती. मी सकाळी लवकर निघायची. पाणी साचलेल्या रस्त्याने भरभर चालायची. शेडमध्ये शिरताना पदर नीट करायची. पहिला ड्रम चढला की माझं बोट मी टिकलीकडे मुद्दामच सावकाश न्यायची, आधी कोण पोचतं बघायला. दर वेळी हेच पोचायचे. आकडा थांबला की एक श्वासभर गप्प, आणि टुक. त्या आवाजात रागबिग काही नव्हता. पाणी दे म्हणताना हे जसं तांब्यावर नख वाजवायचे, तसा.

राऊतसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. समोर लेबलांची चळत.

"बाई, हे ड्रम बाहेर जातात. गेलेल्या माणसाने वजन केलं असं लिहून मी माल पाठवू? उद्या कमी भरलं तर कोणाला विचारायचं?"

"मी नाय दाबत, साहेब."

"रामकिशनने मशीन चालू केलं, तेव्हा नाही आलं. मी चालू केलं, तेव्हा नाही आलं. तुम्ही केलं की येतं." त्यांनी चळत बाजूला सारली. आवाज उतरला. "तुम्हाला दुःख आहे, मला समजतं. पण असं करू नका."

मी दाबत नव्हते हे मला माहीत होतं. पण यांचं येणं फक्त माझ्याच वेळेला होतं, हे मला त्या दिवशी साहेबांच्या तोंडून कळलं. मी खाली मान घालून उभी होते. साहेबांना वाटलं असेल मी रडतेय.

"अमावास्येपर्यंत बघतो," ते म्हणाले. "ज्यांनी हा प्रोग्राम लिहिला ते सर पालघरला असतात, त्यांना बोलावलंय. मशीन ठीक निघालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. हमाल शेडमध्ये यायला तयार नाहीत."

त्या संध्याकाळी प्राचीने विचारलं, "आई, कायम झालीस का?" मी तिला भात वाढला. तिच्या वहीच्या पानावर शिड्यांची रांग होती, सगळ्या एकसारख्या, गृहपाठाच्या. मी वही मिटून ठेवली.

चुरीसर आले ते अमावास्येच्या आदल्या दिवशी. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं. तरुणपणी पालघरला कॉम्प्युटरचा क्लास घ्यायचे, तेव्हा त्यांनी हे मशीन बसवून दिलं होतं. साहेबांना म्हणाले, "पास्कलमधलं काम आहे हे. अजून चालतंय बघा." पास्कल कोण ते मी विचारलं नाही. वसईकडचे ख्रिस्ती लोक आमच्याकडे पुष्कळ कामाला, त्यांतलाच कुणी असेल, सरांचा जोडीदार, असं मला वाटलं. पुढे कधीतरी प्राचीने सांगितलं की ते भाषेचं नाव आहे. मशीनशी बोलायची भाषा. असो.

सरांनी सगळ्यांना बाहेर काढलं. रामकिशन तेवढा ड्रम घेऊन दारात राहिला. "बाई, तुम्ही रोज जसं करता तसंच करा," असं म्हणून सर पाठ करून प्रिंटरकडे बघत उभे राहिले. मी लाजते हे त्यांना समजलं असावं. मी बोट बाणाला लावलं, कपाळाला लावलं. ड्रम आला. आकडा थांबला. टुक.

सर हसले. मोठ्याने नाही. शेडच्या खिडकीच्या काचेत त्यांना माझा हात दिसला होता.

"तुम्ही बाण दाबता?"

मी कशीबशी म्हणाले, "नमस्कार करते."

ते स्टुलावर बसले आणि हळूहळू सांगू लागले, लहान मुलांना सांगतात तसं नव्हे, स्वतःला आठवून सांगावं तसं. अक्षराची कळ दाबली की आत एकच गोष्ट जाते, ते अक्षर. पण बाण म्हणजे अक्षर नाही. म्हणून बाणाची कळ दोन गोष्टी पाठवते. आधी एक रिकामं, म्हणजे काहीच नाही असं. त्याच्या मागून एक अक्षर. रिकामं आलं म्हणजे मशीनने समजायचं की पुढचं अक्षर हे अक्षर नव्हे, बाण आहे. "आणि मी इथे चूक केली," ते म्हणाले. "कोणतीही कळ दाबा असं लिहिलं, आणि एकच गोष्ट उचलली. ते रिकामं उचललं की त्याला वाटतं झालं. मागचं अक्षर तसंच आत राहतं. मग तुम्ही ड्रम चढवता, मशीन विचारतं कोण, तर ते आधीपासून आत उभंच आहे."

"शिडीचं," मी म्हणाले.

"एच. वरच्या बाणाच्या मागून एच येतो. खालच्या बाणाच्या मागून दुसरं काही आलं असतं. हरेश्वर नेहमी ही लांब कळ दाबायचा, अंगठ्याने. म्हणून इतकी वर्षं कधी झालं नाही."

अंगठ्याने. शेवटच्या दिवसांत दुपारी हे डोळे मिटून पडलेले असत आणि उजवा अंगठा गोधडीवर दाबत असत. दाबायचे, थांबायचे, दाबायचे. मी तो हात धरून ठेवायची, मला वाटायचं कळा येताहेत. हे कुठली ओळ घालवायला बघत होते, आणि ती जात नव्हती का, कोण जाणे.

मी सरांना एकच विचारलं. एवढं मी परक्या माणसाला आयुष्यात कधी विचारलं नाही. "ते अक्षर आत किती वेळ थांबतं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "मशीन बंद होईपर्यंत. नाहीतर कुणी विचारेपर्यंत."

"आत अंधारात?"

"मी प्रोग्रामपुरतंच सांगू शकतो, बाई," ते म्हणाले, आणि पेन काढून उगाच परत खिशात ठेवलं. "दुरुस्त करायला मूळ लिहिलेलं लागतं, ते माझ्याकडे उरलं नाही. तुम्ही लांब कळ दाबत जा. मग येणार नाही. बाण दाबलात तर येईल. तुमच्या हातात आहे."

बाहेर जाऊन त्यांनी साहेबांना सांगितलं की कळांत पावडर गेली होती, साफ केली. माझं नाव त्यात घेतलं नाही.

त्यांचं ते बोलणं माझ्या डोक्यात राहून गेलंय. आधी रिकामं येतं, मागून अक्षर. अजूनही कधी घरात एकदम शांत होतं, पंखा बंद पडल्यावर होतं तसं, आणि मी काम सोडून थांबते. प्राची आता मोठी झाली, नोकरीला लागली, तिच्या फोनला कळाच नाहीत, नुसती काच. ती म्हणते, आई, काय ऐकतेस? मी म्हणते, काही नाही. आणि ते खरंच असतं. मी ते काही नाही तेवढंच ऐकत असते, पुढचं काही यायचं असेल तर चुकू नये म्हणून.

अमावास्येला सकाळी रस्ताभर पानं मांडलेली होती. केळीची, पत्रावळीची, भिंतीच्या कडेने, कौलांवर. कावळे इतके की त्यांना भूक उरली नव्हती. आमच्या दाराशी पान नव्हतं. प्राची दप्तर घेऊन माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आली, शाळेकडे वळली, आणि वळताना तिने हात केला.

शेडमध्ये राऊतसाहेब स्वतः येऊन उभे होते. रामकिशन ड्रमला टेकून. सुगंधा लेबलाचा गठ्ठा छातीशी धरून. मी मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर ती ओळ आली. रेघ उघडझाप करत होती. माझं बोट सवयीने उजवीकडे खाली गेलं आणि बाणाच्या वर अधांतरी राहिलं. किती वेळ, माहीत नाही. साहेब खाकरले.

मी अंगठा लांब कळीवर ठेवला आणि दाबला.

ओळ गेली. रामकिशनने ड्रम लोटला. आकडा हलला, हलला, थांबला. मी टिकलीकडे हात नेला नाही. मी थांबले. सरांनी सगळं सांगितलेलं असूनही थांबले. पत्र्यावर कावळ्यांची नखं वाजत होती. मशीन विचारत होतं, वजन कोणी केलं, आणि रेघ यायची, जायची, यायची, जायची. आतून कुणी उत्तर देत नव्हतं.

"भाभी," रामकिशन म्हणाला. "दबाइए."

मी टिकली दाबली. लेबल आलं. साहेबांनी ते फाडून घेतलं, चष्म्याशी धरलं, आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. "व्ही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "झालं. वनिताबाई, उद्या कायमच्या कागदावर सही करून जा." सुगंधाने माझ्या पाठीवर थाप मारली. हमाल एकेक करून आत आले, चपला घालून, मोठ्याने बोलत, कालपर्यंत ज्या कोपऱ्याकडे कुणी बघत नव्हतं तिथे जाऊन टेकले.

सगळे परत आपापल्या कामाला गेले. शेडमध्ये मी, मशीन आणि दुसरा ड्रम. मी मागे वळून पाहिलं. मग टेबलाखाली पाहिलं, दाराआड पाहिलं. सगळीकडे नुसती निळी पावडर होती. त्या पंधरवड्यात मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.